पायवाल्यांचा गुडघा

फरशी बसवणारे दोघे भाऊ होते. थोरल्याला सगळे 'पायवाले' म्हणत आणि धाकट्याला 'पायवाल्यांचा भाऊ'. धाकट्याची पंचेचाळिशी उलटली होती, कानशिलं पांढरी झाली होती, तरी स्वतःचं असं वेगळं नाव त्याच्या पदरात काही पडलं नव्हतं. त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही, असं तो सांगत असे. न विचारताही सांगत असे, तेव्हा काय ते समजावं.

थोरल्याला हे नाव पडलं ते त्याच्या एका पद्धतीमुळे. फरशी बसवून, फटी भरून, पुसून झाली की तो सगळ्यांना खोलीबाहेर पिटाळायचा. "जा, चहा घेऊन या," म्हणायचा. मग दार ओढून घेऊन सगळी खोली स्वतः झाडायचा. इतर वेळी झाडूला हात न लावणारा माणूस, पण हे झाडणं त्याने कधी कुणावर सोपवलं नाही. झाडून झालं की मालकाला बोलावून दारात उभं करायचा, चपला काढायचा, डोळे मिटायचा आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत जायचा. आधी टाच, मग चवडा, सावकाश. भिंतीला हात लागला की डोळे उघडून म्हणायचा, "बसली."

कधी मध्येच थांबायचा. "इथं डाव्या हाताची लादी नखभर वर आहे," म्हणायचा. धाकटा पाणसळ आणून लावायचा. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध राहिला की फरशी सपाट. तर त्या जागी बुडबुडा हटकून बाजूला सरकलेला दिसायचा. मालक तोंडात बोट घालायचे. चार लोकांत सांगायचे, आणि पुढचं काम आपसूक चालून यायचं. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. लाद्या धाकटा बसवायचा, निदान निम्म्याहून जास्त तरी, पण फरशी 'बसली' ती थोरल्याच्या पायाने.

त्या पायाचा गुडघा कामातून गेला.

तसे दोघांचेही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेलेच होते, वडिलांसारखे. पण थोरल्याचा डावा पाय वर्षागणिक जास्तच वाकत गेला. आधी जिना उतरताना दुखायचा, मग चढताना, मग नुसतं बसलं तरी. गुडघ्यावर बसून लाद्या ठोकण्यात हयात गेलेली, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको मात्र रोज ऐकवायची, "एवढी वर्षं कानीकपाळी ओरडतेय, गुडघ्याखाली उशी घ्या, उशी घ्या. माझं ऐकलंत तर कमीपणा येतो ना!"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावून दाखवला. गुडघ्याची आतली बाजू पार झिजली होती, हाडावर हाड आलं होतं. बाहेरची बाजू मात्र अजून शाबूत होती. दोन रस्ते होते. एक, अख्खा गुडघा बदलायचा. दुखणं जाईल, चालणं सुधारेल, पण जमिनीवर गुडघे टेकून काम करायचं ते विसरायचं. दुसरा, पायच सरळ करायचा. गुडघ्याखालचं हाड आतल्या बाजूने कापायचं, फट उघडायची, पट्टी आणि स्क्रू लावून ती तशीच धरून ठेवायची. मग भार झिजलेल्या बाजूवरून उठून चांगल्या बाजूवर जातो.

"म्हणजे एका अंगाला पाचर मारून लेव्हल करणार," थोरला म्हणाला.

डॉक्टर हसले. "असंच म्हणा."

"आणि फटीत माल कसला भरणार?"

"तुमचंच हाड भरून येईल. वेळ लागेल."

"गुडघा टेकता येईल?"

"पट्टी आत आहे तोवर दुखेल. दीडेक वर्षाने ती काढू. त्यानंतर बहुतेक येईल. शब्द देत नाही."

थोरल्याने दुसरा रस्ता घेतला. घरी परतताना वहिनी धाकट्याला म्हणाली, "भावजी, ह्यांना बदललेला गुडघा नको, कापलेलं हाड चालेल. जमीन सुटायला नको म्हणून. तुम्ही तरी समजावा." धाकट्याने मान हलवली. समजावण्याचा प्रश्नच नव्हता. थोरल्याला त्याने आजवर काहीच समजावलं नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. थोरला आधी कुबड्यांवर, मग काठीवर आला. या काळात धाकट्याने एकट्याने दोन फरश्या बसवल्या, एक दुकानाची आणि एक स्वयंपाकघराची. पाणसळ लावून, दोरी ताणून, पुन्हा पुन्हा बघून. दोन्ही मालकांनी शेवटी तेच विचारलं, "पायवाले येऊन बघणार नाहीत का?" धाकट्याने तेच उत्तर दिलं, "बरे झाले की येतील." दुकानदाराने तर तोवर कपाटं लावायची थांबवली. भरल्या गावात त्या एका दुकानात माल जमिनीवर पथाऱ्या टाकून विकला जात होता, केवळ एका माणसाचं हाड जुळत नव्हतं म्हणून.

थोरल्याचा व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे तो एक दिवसाआड जायचा. बाई बोलायला गोड आणि करवून घ्यायला कडक. "पायवाले, पाय तुमचा आहे, मी नुसती मुकादम," असं म्हणत त्यांनी त्याची काठी सोडवली. त्यांना त्याच इमारतीत व्यायामासाठी मोठा हॉल मिळाला होता आणि त्यांनी फरशीचं काम या दोघांनाच दिलं.

थोरला अजून वाकू शकत नव्हता. पट्टी आत होती. गुडघा कशाला टेकला की ती रुतल्यासारखी कळ यायची. म्हणून हॉलही धाकट्यानेच बसवला, हाताखाली एक मदतनीस घेऊन. आणि तो असा बसला की धाकट्याला स्वतःचीच शंका यावी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फटी एका रेषेत, कुठे लादी वर नाही, कुठे खाली नाही. शेवटच्या दिवशी तो दारात उभा राहून बराच वेळ नुसता बघत राहिला. आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून झालेलं नाही, हे त्याला कळत होतं, आणि कळतंय याची भीतीही वाटत होती. अजून पाय लागायचा होता.

थोरला आला. त्या दिवशी त्याने झाडलं नाही, वाकवत नव्हतं. झाडू धाकट्याने मारला. बाई दारात उभ्या राहिल्या, वहिनीही मुद्दाम आली होती. थोरल्याने चपला काढल्या, काठी भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. जवळजवळ वर्षाने तो फरशीवर चालत होता. आता त्याचा डावा पाय सरळसोट दिसत होता आणि उजवा अजून वाकडा. खिडक्या त्याच्या उजव्या हाताला होत्या. तो सावकाश पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, हात टेकवला आणि म्हणाला, "खिडकीकडे उतरतेय."

बाईंनी खिडकीकडच्या लाद्यांकडे पाहिलं.

"जास्त नाही. पण उतरतेय. पायाला साफ लागतंय." मग बाईंकडे वळून, "दोन दिवस द्या. सरळ करून देतो." परत येताना त्याने डोळे उघडे ठेवले होते आणि तो बाईंशी बोलत, हसत येत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की धाकट्याला त्याच्याकडे बघवेना. आपला पाय परत आला, असंच थोरल्याला वाटत असणार.

सगळे गेल्यावर धाकट्याने खिडकीकडे पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. दुसरीकडे लावली. मधोमध. पाणसळच बिघडली असेल म्हणून ती फिरवून उलटी धरली. मधोमध. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. आता करायला दोनच गोष्टी होत्या. थोरल्याला सांगायचं, की दादा, तुझा पाय चुकतोय. किंवा फोडायचं.

वीस वर्षांत पाय चुकला नव्हता. पाणसळीच्या आधी पायाला कळायचं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आज काचेच्या नळीचं ऐकायचं आणि पायाचं नाही, हे कुठलं शहाणपण? पाणसळीत दिसत नाही असं काहीतरी पायाला लागलं असेल. त्याने स्वतःची अशी समजूत घातली, आणि ती समजूत अर्धवट बसली. उरलेली अर्धी जागा थोरल्याच्या चेहऱ्याने भरली. त्याने हातोडा उचलला आणि खिडकीकडच्या चार ओळी फोडल्या. चांगल्या बसलेल्या लाद्या सहजासहजी सुटत नाहीत. त्या सोडवताना त्याचे हात सोलवटले.

नव्या ओळी त्याने खाली जास्त माल घालून, खिडकीच्या भिंतीकडे किंचित चढत नेल्या. थोरला या वेळी त्या ओळींवरून चालला, पलीकडच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "बसली." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. धाकटा हत्यारं गोळा करायला लागला.

काही आठवड्यांनी बाईंचा त्याला फोन आला. "मिस्त्री, जरा एकटे येऊन जा."

तो गेला. बाईंनी चाकांचं एक बुटकं स्टूल खिडकीपाशी ठेवलं आणि हात काढून घेतला. स्टूल क्षणभर विचार करत असल्यासारखं थांबलं आणि मग आपलं आपण हॉलच्या मध्यापर्यंत चालत गेलं.

"माझ्या पेशंटपेक्षा हे बरं चालतं," बाई म्हणाल्या. मग धाकट्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्यांचा डावा पाय आता थोडा लांब झालाय. फट उघडली ना हाडात. शिवाय पूर्वी ते पावलाच्या ज्या कडेवर उभे राहायचे, ती कडच बदलली. गुडघा बदलला की घोटा बदलतो, कंबर बदलते. डावीकडे उंच लागलं, म्हणून उजवीकडे उतार वाटला. त्यांना परत येताना डोळे मिटून यायला सांगायचं होतंत. खिडकी डाव्या हाताला आली असती. मग म्हणाले असते, खिडकीकडे चढतेय."

इतकी साधी गोष्ट होती.

"हे पुढेमागे जाईल का? पाय पुन्हा होता तसा होईल?"

"सरळ कशाला म्हणायचं, हे शरीर नव्याने शिकतं. वर्ष लागेल, दोन लागतील. काहींचं होता तसं होत नाही. चालायला त्याने काही बिघडत नाही."

"बाई, दादाला सांगू नका. या ओळी मी नंतर काढून देतो, पदरचं सामान घालून देतो. फक्त त्याला कळायला नको."

बाईंना ते पटलं नाही, पण त्या म्हणाल्या, "मी आपणहून सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." आणि थोरल्याचा व्यायाम त्या आपल्या जुन्या खोलीतच घेत राहिल्या.

यानंतर धाकट्याची झोप उडाली. कारण इथवर निभावलं होतं ते एका हॉलपुरतं. थोरल्याने वाचनालयाचं काम घेतलं होतं. मोठी वाचनाची खोली, लांबच लांब टेबलं येणार होती, आणि मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पायवाल्यांचा पाय लागल्याशिवाय टेबलं आत येणार नाहीत. धाकट्याने डोक्यात नाना तऱ्हा लढवून पाहिल्या. आधी मुद्दाम वाकडी बसवायची, थोरल्याने 'बसली' म्हटलं की मागाहून सरळ करायची. अशाने उरलेल्या आयुष्यात प्रत्येक फरशी दोनदा बसवावी लागली असती. थोरल्याला कुठून कुठे चालायचं ते आपण ठरवायचं, तर त्याला लगेच संशय आला असता. सांगून टाकायचं, हा तिसरा उपाय. पण तिथेच घोडं पेंड खात होतं. पाय गेला तर थोरल्याजवळ राहिलं काय? आणि त्याहीपेक्षा, पाय गेला तर आपण कुणाच्या भरवशावर फरशी द्यायची? दुसरा प्रश्न त्याने मनातसुद्धा हळू आवाजातच विचारला.

पट्टी काढायची वेळ आली. त्याच वेळी डॉक्टरांनी बारीक छिद्रातून सांध्यात कॅमेरा घालून आत काय झालंय ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघा भावांना चित्रं दाखवली. आधीचं चित्र ऑपरेशनच्या वेळचं. आतल्या बाजूला हाड उघडं पडलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. आताच्या चित्रात त्याच जागी पांढुरका थर धरला होता, कुठे जाड, कुठे विरळ.

"भार उठला, म्हणून हे आलं," डॉक्टर म्हणाले. "मूळच्यासारखं नाही. पण आलंय."

थोरल्याने चित्र बारकाईने पाहिलं. "पॅचवर्क आहे."

"पॅचवर्कच. पण काम देईल." मग त्यांनी उभ्याने काढलेले दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. आधी आतल्या बाजूची फट मिटलेली होती, आता ती उघडली होती. "आता बाहेरची बाजू जास्त भार घेतेय, तिच्याकडे लक्ष ठेवू. पाय किंचित लांबही झालाय."

"या वयात उंची वाढली म्हणायची!" थोरला खोखो हसला. "छोट्या, ऐकलंस का? तू आता कायमचा बुटका."

धाकटा हसला नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं तिथे भिंतीवर उजेडात लटकत होतं, थोरला त्याच्याकडे बघत होता आणि त्याला त्यात फक्त बरा झालेला गुडघा दिसत होता.

जखम भरली. बाईंनी आधी गादीवर गुडघा टेकवायला शिकवलं, मग पातळ चटईवर. वाचनालयाचं काम पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. थोरल्याला न्यायला धाकटा बाईंकडे गेला तर जुनी खोली रिकामी, शिड्या लावून रंगकाम चाललेलं. रंगाऱ्याने सांगितलं, आज सगळे हॉलमध्ये आहेत.

तो धावतच गेला. व्यायाम संपला होता. बाई पलीकडे एका आजींना चालवत होत्या. थोरला खिडकीपाशी चपला घालायला म्हणून त्या चाकांच्या स्टुलावर बसत होता. धाकट्याच्या तोंडून "दादा" एवढंच निघालं. थोरला बसला, पाय उचलला आणि स्टूल त्याला घेऊन निघालं. हॉलच्या मध्यावर जाऊन थांबलं. चपला खिडकीपाशीच राहिल्या.

थोरला हसला. मग उठून, स्टूल ढकलत पुन्हा खिडकीपाशी गेला, पुन्हा बसला आणि पाय उचलले. स्टूल पुन्हा निघालं. या खेपेला तो हसला नाही. बाईंनी एकदा इकडे पाहिलं आणि आजींना घेऊन त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

"पाणसळ आहे पिशवीत?" थोरल्याने विचारलं.

होती. धाकट्याने ती पुढे केली. थोरल्याने खिडकीची कड हाताने धरली, आधी उजवा गुडघा खाली नेला, मग डावा. डावा टेकताना क्षणभर अडखळला आणि टेकला. नागड्या फरशीवर, गादी नाही, चटई नाही. याच एका गोष्टीसाठी त्याने हाड कापून घेतलं होतं, दीड वर्ष काढलं होतं. कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. थोरल्याचंही नाही. तो बुडबुड्याकडे बघत होता.

"चढवलीय," तो म्हणाला. मग मागे सरकून जुन्या ओळींवर पाणसळ लावली. तिथे बुडबुडा मधोमध राहिला. "ही बरोबर आहे. तुझ्या आधीच्या ओळी पण अशाच होत्या?"

"हो."

"मी सांगितल्यावर तू पाणसळ लावली होतीस?"

"लावली होती. फिरवून पण बघितली."

"काय म्हणाली?"

"बरोबर म्हणाली."

"मग फोडलीस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून."

थोरला गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत राहिला. "अरे, मी सांगितलं. पण तुझ्या हातात पाणसळ होती ना? मला वाकवत नव्हतं म्हणून मी त्या दिवशी नुसता चाललो, पायाला लागलं ते बोललो. म्हटलं, काही चुकलंच तर तू बघशील, सांगशील."

"नुसता चाललो म्हणजे?"

थोरल्याने पाणसळ उचलून मांडीवर घेतली. "झाडताना मी लावून बघायचो. सगळी खोली. कुठली लादी वर आहे ते आधीच ठाऊक असायचं. मग चालायचो. मालकांना गंमत वाटायची, कामं मिळायची."

"प्रत्येक वेळी?"

"नुसत्या पायाला कसं कळेल रे? पायाला काय बुडबुडा असतो?" आणि मग, धाकट्याचा चेहरा पाहून, आवाज खाली आणत, "मला वाटलं, तुला माहीत आहे. शप्पथ सांगतो. वीस वर्षं बरोबर काम करतोयस. मला वाटलं, तू मुद्दाम गप्प बसतोस, धंद्यासाठी."

धाकट्याला माहीत नव्हतं. त्याची आधी लाजेने मान खाली गेली. चहा प्यायला हाकलल्यावर मुकाट जाणारा आणि परत येऊन तोंडात बोट घालणारा आपण एकटेच, असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. मग राग आला. दोन्ही आले आणि निवळले, पण तिसरं जे आलं ते मात्र निवळेना. त्या चार ओळी बरोबर होत्या. त्या त्याच्या होत्या. कुणाचा पाय न लागता, कुणी 'बसली' न म्हणता, त्या बसलेल्या होत्या, आणि हातोडा घेऊन त्या फोडणारा दुसरा कुणी नव्हता.

"जाऊ दे," थोरला म्हणाला. "उद्या दोघं येऊ. मी बसून सांगतो, तू काढ. दिवसभरात होईल. मग पुढच्या आठवड्यात वाचनालय. आता गुडघा टेकतोय, झाडता येईल. सगळं पहिल्यासारखं करू."

"नाही," धाकटा म्हणाला.

एवढा साधा शब्द, पण थोरल्याला तो धाकट्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. त्याला आधी वाटलं, ओळी काढायला नाही म्हणतोय.

"या ओळी मी काढतो. तू येऊ नकोस. वाचनालयात ये, लाद्या ठोक, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. पण झाली की नाही ते मी सांगणार. पाणसळ लावून, मालकाच्या समोर लावून सांगणार."

"आणि ते पायाचं विचारतील तेव्हा?"

"पाय कुणी लावायचा नाही."

थोरल्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही येऊन गेलं. त्यात राग होता, मग काहीतरी विनोद करावा अशी धडपड होती, आणि शेवटी एकदम म्हातारपण दिसलं. त्याने उठायला म्हणून खिडकीची कड धरली, पण दोन्ही गुडघे टेकलेल्या अवस्थेतून उठणं बाईंनी अजून शिकवलेलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. धाकट्याने तो धरला, जोर लावून त्याला उभं केलं, आणि तो पायावर नीट स्थिर होईपर्यंत सोडला नाही. या माणसावर आपलं किती प्रेम आहे, हे त्याला त्या वेळी स्पष्ट कळलं. त्यामुळे आपल्या बोलण्यात तसूभरही फरक पडणार नाही, हेही कळलं.

खिडकीपाशी जाऊन त्याने थोरल्याच्या चपला उचलून आणल्या आणि त्याच्या पायांपुढे सरळ मांडल्या.

"चपला घाल, दादा," तो म्हणाला. "फरशी गार आहे."

थोरल्याने मुकाट्याने चपला घातल्या.